बंदीतलं कुरण

सोपाननानांच्या हातात कायम बोरीची एक काठी असायची. त्या काठीनं जनावर हाकलताना मी त्यांना एकदाच पाहिलं, ते पुढे येईल. एरवी काठीचा उपयोग गवत बाजूला सारून मुळाशी बघायला. चालता चालता थांबायचे, काठीनं एखादा झुपका हलकेच वाकवायचे, त्यातला एक तुरा खुडून तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारायचे. फोलपटं उडून गेली आणि हातावर काही उरलं नाही की म्हणायचे, "अजून न्हाई." मग पुढे. दिवसातून चार-पाच वेळा हे चालायचं. या कामाला गावात ना पगार होता, ना पद, ना पाटी.

गाव सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळल्यावर लागतं. नाव लिहीत नाही. ते आता शहरात आलं आहे. म्हणजे नळाला पाणी आलेलं नाही, पण प्रभाग आला आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ, आणि त्या माळावर हे कुरण. कडेनं फेरी मारायला तासभर सहज लागावा एवढं. सातबाऱ्यावर नोंद 'गायरान', म्हणजे जमीन सरकारची आणि चारा गावाचा. भोवती गुडघ्याएवढी दगडी पौळ, तिला एकच फट, आणि त्या फटीत आडवी टाकलेली बाभळीची फांदी.

ती फांदी आखाडात पडायची आणि दिवाळीच्या पाडव्याला निघायची. मधले चार महिने आत कुणी जायचं नाही. जनावर नाही, माणूस नाही, विळा तर नाहीच. गवत उंच व्हायचं, तुऱ्यात यायचं, पिकायचं, बी जमिनीवर पडायचं. मग पाडव्याच्या सकाळी नाना फांदी काढायचे आणि घरटी एक माणूस विळा घेऊन आत शिरायचा. कापून झालं की गुरं सोडायची. त्या चाऱ्यावर गावाच्या गायी-म्हशी थेट वैशाखापर्यंत निघायच्या, आणि माळावर मुरलेल्या पाण्यावर खालच्या विहिरी. हे कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. राखायचं काम नानांच्या चुलत्याकडे होतं, चुलते गेल्यावर ते नानांकडे आलं.

'बी पडू द्या' हे नानांचं पालुपद. कुरणाबद्दल तर ते म्हणायचेच, पण इतरत्रही म्हणायचे. शेजारी बसून कुणी तावातावानं भांडणाची हकिकत सांगू लागलं, की नाना ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, आधी बी पडू दे, मग बघू. पुतण्या पोपट बारावीनंतर लगेच ट्रक घ्यायचा म्हणाला, तेव्हाही हेच. पोपट पुढे गायीच पाळू लागला, त्यामुळे नानांना आपण बरोबर होतो असं वाटत राहिलं.

नियम मोडणाऱ्याला दंड असायचा, पण पैशाचा नाही. ज्याचं जनावर आत सापडेल त्यानं एक दिवस माळाच्या उतारावर चर खणायचा, पाणी अडवायला. एका वर्षी नानांचीच कपिली गाय पौळ ओलांडून आत गेली. कुणीही पाहिलं नव्हतं. नानांनी संध्याकाळी पारावर जाऊन स्वतः सांगितलं आणि सकाळी कुदळ घेऊन निघाले. त्यांची सून सुमन मला हे सांगताना अजून चिडायची. म्हणायची, कंबर धरलेल्या माणसानं दिवसभर चर खणला, अन् घरी येऊन गायीलाच बोलले, तुला लाज वाटली न्हाई का म्हणून. गायीशी ते दोन दिवस बोलत नव्हते, हे तिचंच म्हणणं.

पुण्यातून एकदा पक्षी बघणाऱ्यांचा गट आला होता. निवृत्त मंडळी, लांबलचक कॅमेरे, डोक्यावर टोप्या. चंडोल जमिनीवर घरटी करतो, ती त्यांना टिपायची होती. नाना फटीत उभे. त्यांतल्या एकानं सांगितलं की आम्ही निसर्गाचं रक्षण करणारी माणसं आहोत. नानांनी विचारलं, मग रक्षणाला आत कशाला जायला हवं. दिवाळीनंतर या म्हणाले. दिवाळीनंतर पिलं उडून गेलेली असतात, असं त्यांनी समजावलं. "तेच तर," नाना म्हणाले. ती मंडळी तणतणत परत गेली. ही गोष्ट गावात हसून हसून सांगितली जायची. मीही हसले होते. त्या कॅमेऱ्यांची आठवण मला नंतर वेगळ्या कारणानं आली.

माझी गाठ पडली ती नोकरीमुळे. टिळक रस्त्याजवळ नकाशे करणारं एक खासगी कार्यालय होतं, तिथे मी होते. गाव शहरात घेतलं की त्याचा आराखडा करावा लागतो, आणि आराखड्याआधी कुठल्या जमिनीवर आज काय चालतं त्याची पाहणी. ती पाहणी आमच्याकडे होती. हातात टॅब, त्यात तक्ता. शेती, वस्ती, कारखाना, पाणी, सार्वजनिक वापर, विनावापर. यांतल्या एकावर बोट टेकवायचं आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक मोकळी चौकट. आमच्या साहेबांची सूचना अशी की, जे दिसतं ते भरा, गावाचा इतिहास भरू नका. माझ्या वाट्याला दिवसाला जमिनीचे किती गट उरकायचे तेही ठरलेलं होतं.

मी त्या गावात पोचले तेव्हा दिवाळीला पंधरा दिवस होते. कुरण छातीएवढं उभं होतं, पिवळसर लाल. राखणदाराला एक पायवाट माफ असायची, तिच्यावरून नानांनी मला आत नेलं. सरकारी काम आहे म्हणून. मी सरकारी नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला पवन्या दाखवला, मारवेल दाखवलं, शेडा दाखवला. मला सगळं गवतच दिसत होतं. मग ते थांबले आणि म्हणाले, तुमची सलवार बघा. मी पाहिली. काय बघायचं ते कळेना. त्यावर त्यांनी सांगितलं की एकही कुसळ लागलेलं नाही. कुसळीचं बी काट्यासारखं, ते कपड्यात घुसतं, जनावराच्या तोंडात घुसतं. जिथे गुरं लवकर सोडतात तिथे चांगलं गवत बी पडायच्या आधीच खाल्लं जातं आणि मागे कुसळी तेवढी उरते. इथे ती नाही. एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा झटकून दाखवला. एखाद्यानं मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ऊन होतं, दुपारचे दोन वाजलेले, अजून चार गट बाकी होते. मी टॅब उघडला आणि विचारलं, "नाना, इथे सध्या कोण येतं?"

"कुनी न्हाई ताई," ते अभिमानानं म्हणाले. "आखाडापासनं हितं जनावराचा पाय न्हाई पडला. मानसाचाबी न्हाई. लिवा तसं."

मी तसं लिहिलं. 'विनावापर'वर बोट टेकवलं. शेऱ्याची चौकट रिकामी ठेवली. सातबारा मी वाचलेला होता, गायरान म्हणजे काय ते मला माहीत होतं, दिवाळीनंतर काय होणार तेही त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. दोन ओळी लिहायला एक मिनिट लागलं असतं. का लिहिल्या नाहीत याचं कारण शोधत मी बरीच वर्षं घालवली. कंटाळा आला होता, एवढंच ते कारण आहे.

पंधरा दिवसांनी गेले असते, तर सगळं गाव विळे घेऊन आत दिसलं असतं.

आराखड्याचा नकाशा पुढच्या उन्हाळ्यात लागला. कुरणावर करडा रंग होता आणि त्यावर लिहिलं होतं, ट्रक थांबा. सोलापूर रस्त्यावर ट्रकांना थांबायला जागा हवी होती, सरकारी आणि विनावापर जमीन आयती सापडली, यात कुणाचं कपट नव्हतं. कपट असतं तर भांडता तरी आलं असतं. गावातल्या निम्म्या लोकांना थांबा हवाच होता. ट्रक आले की हॉटेल, गॅरेज, टपऱ्या येणार. नानांशी त्यावर कुणी वाद घातला नाही, फक्त त्यांच्यापासून थोडे लांब बसू लागले.

नाना आमच्या कार्यालयात आले ते आषाढाच्या शेवटी. हरकतीचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला. पोपटनं त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं आणि स्वारगेटपासून ते चालत आले होते. काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर सोडलं. मागच्या वर्षीच्या वाळल्या गवताच्या पाच पेंढ्या, पाच जातींच्या, वेगवेगळ्या बांधलेल्या. टेबलभर कस्पटं पडली.

"आजोबा, हे कार्यालय आहे, गोठा नव्हे," साहेब म्हणाले.

"गोठ्यात एवढं चांगलं गवत कोन टाकतंय, सायेब," नाना म्हणाले. त्यांना टोमणा कळला नव्हता असं नाही.

अर्ज मी लिहून दिला. साहेब मला नंतर म्हणाले की आपलीच पाहणी आणि आपलीच हरकत, छान चाललंय. सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, पण ते शौर्य नव्हतं. दुसरीकडे बरी जागा मिळाली म्हणून सोडली.

सुनावणी श्रावणात झाली. ऐकणारे अधिकारी भले गृहस्थ होते, त्यांनी नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं की गाव ही जमीन वापरतं याला पुरावा काय. चराईची पावती, ठराव, फोटो? पावती कधी फाडलीच नव्हती. ठराव तोंडी. आणि फोटो कोण काढणार? मला ती टोपीवाली मंडळी आठवली. नाना म्हणाले, दिवाळीनंतर येऊन बघा. अधिकारी म्हणाले, तोवर आराखडा वर जाईल. शेवटी त्यांनी मार्ग काढला. पंधरा दिवसांत जागेची पाहणी करू, जनावरं चरताना दिसली तर फेरविचार करता येईल. त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं.

बाहेर जिन्यात नाना कठड्याला धरून उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, गुरं सोडा."

त्यांनी एक पायरी उतरून काठी टेकली. मग म्हणाले, "श्रावण हाय ताई. तुरंबी आलं न्हाईत. बी पडू द्या, मग..."

"बी पडेपर्यंत कुरणच राहणार नाही," मी म्हणाले.

मला फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

पुढच्या सोमवारी त्यांनी फांदी काढली. मी रजा घेऊन गेले होते. पोपटनं गावातली गुरं गोळा केली होती, पन्नासेक असतील. पाऊस थांबलेला, आत गवत गुडघ्यापर्यंत, हिरवंगार. नानांनी फांदी उचलून बाजूला ठेवली आणि गुरं जागच्या जागी उभी राहिली. पुढे होईनात. समोर एवढा चारा, फट मोकळी, आणि एक गाय पाऊल टाकीना. जन्मापासून या महिन्यात त्यांना इथून परतवलेलं होतं. कळपाच्या पुढे कपिलीच होती, ती मान वळवून नानांकडे बघत होती. पोपट ओरडला, बाकीच्यांनी शिट्ट्या घातल्या, काही उपयोग झाला नाही.

तेव्हा नानांनी काठी उचलली आणि कपिलीच्या पाठीत घातली. एकदा, मग पुन्हा. ती दचकून आत गेली आणि तिच्या मागे सगळी गुरं गेली. नाना पौळीवर कुरणाकडे पाठ करून बसले. मी शेजारी बसले होते. मागून गवत उपटल्याचा, चावल्याचा आवाज येत होता. एवढ्या जनावरांचा तो आवाज मोठा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. नाना काठीवरचं साल नखानं काढत राहिले.

पंधरा दिवसांत पाहणी झाली नाही. मी दर सोमवारी चौकशी करायची. या आठवड्यात नक्की, असं उत्तर मिळायचं, आणि मी ते पोपटला फोनवर कळवायची. त्यामुळे दर आठवड्याला गुरं आत ठेवावी लागायची, न जाणो उद्याच आले तर. नानांनी दोनदा निरोप पाठवला की आता बंद करतो, जमीन तुडवली जातेय, दोन्ही वेळा मीच थांबवलं. ओल्या मातीत खुरांचे खड्डे पडले. शेजारच्या वाड्यांतली गुरंही येऊ लागली. बंदी उठली म्हणजे सगळ्यांना उठली. भाद्रपद संपेतो माळ खरवडून काढल्यासारखा झाला होता.

पाहणीची गाडी आली नवरात्र उलटल्यावर. त्या दिवशी आत एक जनावर नव्हतं, कारण खायला काही नव्हतं. अहवाल मी नंतर वाचला. चार ओळींचा. जागा ओसाड असून जमिनीची झीज झालेली आहे, गवताळ स्वरूप आढळून आलं नाही, चराईचा वापर चालू नाही, सबब ट्रक थांब्याचं आरक्षण कायम ठेवण्यास हरकत नाही. लिहिणाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं होतं. मलाही तेच शिकवलं होतं.

त्या पाडव्याला गावात कुणी विळा काढला नाही. सुमननं सांगितलं की नाना सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून फटीपाशी गेले आणि थोड्या वेळानं परत आले. उन्हाळ्यात चारा विकत आणणं परवडेना म्हणून पोपटनं पाच गायी विकल्या. कपिली म्हातारी, तिला गिऱ्हाईक नव्हतं. खालच्या विहिरी फाल्गुनातच तळाला गेल्या आणि टँकर सुरू झाले. ट्रक थांब्यासाठी भोवती पत्रे ठोकले गेले. दगडी पौळ भरावाला कामी आली.

नाना मागच्या चैत्रात गेले. मला चार दिवसांनी कळलं. त्याआधी दिवाळी होऊन महिना उलटला असताना मी त्यांना भेटले, ती शेवटची भेट.

पत्रे ठोकून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि थांब्याचं काम सुरूच झालेलं नव्हतं. कुठल्या तरी मंजुरीत अडकलं होतं. नाना पत्र्यांच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलेले. खूप वाळले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, मग म्हणाले, चला, दाखवतो. एका पत्र्याचा खालचा कोपरा सुटला होता, तो उचलून ते वाकून आत शिरले. मीही शिरले.

आत कमरेएवढं गवत होतं. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कुरण परत आलं. मी तसं म्हणालेही. चोळून बघायला नानांनी एकही तुरा खुडला नाही. आम्ही पन्नास पावलं गेलो असू. परत वळलो तेव्हा माझी सलवार घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती. पायाला टोचत होती. नानांचं धोतरही तसंच.

आत असतानाच मी वाकून ती काढू लागले, तसा त्यांनी हात धरला. म्हणाले, हितं नगं, भाईर चला.

बाहेर दगडावर मला बसवलं आणि स्वतः खाली डांबरावर बसून माझ्या सलवारीतली कुसळं एकेक करून काढायला लागले. मी नको नको म्हणत होते. त्यांना दिसत कमी होतं, ते बोटांनी चाचपून शोधत होते. काढलेलं कुसळ डाव्या मुठीत ठेवत होते. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "नाना, त्या तक्त्यात विनावापर मी लिहिलं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "मी जवळच उभा व्हतो की. मीच सांगितलं व्हतं."

"तुम्ही दिवाळीचंही सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही."

त्यांचा हात क्षणभर थांबला. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. वर बघतील, काही बोलतील असं मला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितलं आणि उरलेली कुसळं काढली.

मग ते काठी टेकत उठले. पत्र्याची फट हाताशी होती, मूठ तिथेच रिकामी करता आली असती. पण ते चालत रस्त्याच्या मधोमध गेले आणि सगळी कुसळं डांबरावर टाकली. परत आत पडायला नगं, असं काहीसं पुटपुटले. मागून ट्रक आला, त्यानं दोनदा हॉर्न दिला. नाना हलले नाहीत. एक कुसळ तळहातात रुतून बसलं होतं, ते दातांनी काढत ते तसेच उभे होते.